अक्काच्या ओव्या आणि रिकामा चौकोन



दिवाळीत भाचा किनवटला आला होता. माझ्या संगणकावर उबुंटू आहे. त्याने अक्काच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, जात्यावरच्या ओव्यांची फाइल लावली. आवाज नाही, नुसती कोडेक नसल्याची सूचना. "मामा, फुकटचं असंच असतं. चोरीचं का होईना, विंडोज टाका." जन्मभर पोरांना कॉपी करू नका म्हणणाऱ्या मास्तराला हा सल्ला! तेव्हा गप्प बसलो, आता बोलतो.

अरे बाबा, यंत्र मुके नव्हते. आवाज दाबून लहान करायची आणि पुन्हा उलगडायची रीत म्हणजे कोडेक. कॅसेटवरून फाइल करणाऱ्याने ती डब्ल्यूएमए या मायक्रोसॉफ्टच्या साच्यात भरली होती. अशा कित्येक रीतींवर पेटंटे, म्हणून लिनक्सवाले त्या आपणहून देत नाहीत. उबुंटू बसवताना एका चौकोनात खूण करावी लागते. मी केली नव्हती, ती चूक माझी.

पण तो चौकोन मुळात रिकामा का? एमपी३ची पेटंटे २०१७ साली सरली, तोवर कितीतरी लिनक्स त्याबाबत मुके होते. आपल्याकडे डिसेंबर २००४च्या वटहुकुमाने संगणक प्रणालींच्या पेटंटांना दार किलकिले केले होते, ते संसदेने २००५ साली पुन्हा लावले. तरीही अमेरिकेतल्या वकिलांच्या धाकाने किनवटात आमची अक्का गप्प! मुक्त म्हणवता ना, मग म्हाताऱ्याला निदान सरळ भाषेत विचारा तरी.

शेवटी व्हीएलसी बसवला. पॅरिसजवळच्या एका कॉलेजातल्या पोरांनी १९९६ साली सुरू केलेले काम हे. उलगडायची साधने तो सोबत घेऊनच येतो. अक्का लगेच गायला लागली. भाचा उठून ओसरीवर गेला, मीही त्याला हाक मारली नाही.

आता तो म्हणतो, फाइल एमपी३ करून सगळ्यांना पाठवू. पाठव, पण मूळ फाइल पुसू नकोस. दाबलेले पुन्हा दाबणे म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. खरे तर कॅसेटवरूनच नव्याने फ्लॅकमध्ये उतरवायला हवे. त्यात आवाजातले काही गळत नाही आणि कुणाची परवानगीही लागत नाही. कॅसेट माझ्या पेटीत आहे. टेपरेकॉर्डर मात्र बिघडलाय, कुणाकडे चालू असेल तर कळवा.