विद्यार्थ्यांचा व्हिडिओ

विद्यार्थ्यांनीं मोबाइलवर गाण्याचा व्हिडिओ तयार करणें हा अभ्यासाच्या नांवाखालीं चाललेला पोरखेळ होय, असें कित्येक सुज्ञ पालक म्हणतात. हें मत आम्हांस सर्वस्वीं अमान्य आहे. सेकंदास २४ चित्रें धरलीं आणि गाण्याची गति मिनिटास १२० ठोक्यांची असली, तर प्रत्येक ठोक्यास १२ चित्रें येतात. दृश्य कोठें तोडावें, हें त्या हिशेबानें कानास व डोळ्यास एकदमच उमगावें लागतें. हें शिक्षण नव्हे तर काय? १९१२ सालीं दादासाहेब फाळक्यांनीं वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र टिपून दाखविली. तोही दिसावयास खेळच होता. पण त्याच्याच बळावर भांडवल मिळून १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला.

मात्र विद्यार्थ्यांसही एक गोष्ट बजावणें अवश्य आहे. दुसऱ्याच्या गाण्यावर ओठ हालवावयाचे व ॲपमधील तयार चमत्कृति वर डकवावयाच्या, ही निव्वळ नक्कल झाली. यंत्र स्वस्त झालें. कल्पना अद्यापि ज्याची त्यासच सुचावी लागते. म्हणून पालकांनीं मोबाइल हिसकावण्यापूर्वीं, ‘यांत तुझें स्वतःचें काय?’ एवढेंच विचारावें. उत्तर मिळालें, तर तें यंत्र मुलाच्या हातीं खुशाल राहूं द्यावें.