सोलापूरचा पूर्व भाग आणि आपण

सोलापुरी चादर सगळ्यांना माहीत आहे. ती विणणारे हात बहुतांशी तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचे, हे कमी लोक सांगतात. या तेलुगू भाषक समाजाने गंगाधर कुचन, धर्मण्णा सादूल हे खासदार दिले, कॉ. नरसय्या आडम तीनदा आमदार झाले. अमेरिकेतही १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या जमावाने ११ इटालियनांना ठार मारले होते, आणि १९३३ मध्ये इटालियन बापाचा मुलगा ला गार्डिया न्यूयॉर्कचा महापौर निवडून आला.

आम्हाला मात्र आडम मास्तरांचे काम जास्त शिकवते. विडी कामगार महिलांना संघटित करून त्यांनी कुंभारीत १० हजार घरे उभी केली, मग रे नगरची ३० हजार घरांची योजना मिळवली. मागणी जातीची नव्हती, कामाची होती.

सोलापूर लोकसभा २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. २०१९ ला बाळासाहेब आंबेडकर इथून लढले आणि तिसरे आले. तेव्हा आपल्यापैकी किती जण पूर्व भागातल्या विडी कारखान्यांच्या दारात गेले होते? राखीव जागा असली तरी मते सगळ्यांचीच लागतात. पुढचे पत्रक तेलुगूतही छापा, एवढेच आमचे कार्यकर्त्यांना सांगणे आहे.