दुसरी प्रत

म्हैसूर येथील प्राच्य ग्रंथालयाकडे १९०५ साली तंजावर भागातील एका पंडिताने ताडपत्रांवरील एक पोथी सुपूर्द केली. ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी ती वाचली, तेव्हा केवळ इतर ग्रंथांतील उल्लेखांवरून ठाऊक असलेले कौटिल्याचे ‘अर्थशास्त्र’ आपल्या हाती आल्याचे त्यांना कळले. १९०९ मध्ये त्यांनी ते छापून प्रसिद्ध केले. ताडपत्र काही शतकांतच जीर्ण होते. हा ग्रंथ मात्र सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. जुनी पोथी झिजण्यापूर्वी पिढ्यान्‌पिढ्या कोणी ना कोणी तिची नवी प्रत करीत आले, म्हणून तो टिकला.

आज सामान्य कुटुंबाजवळही जपण्याजोगा असा ठेवा असतो. मुलांची छायाचित्रे, परगावी राहणाऱ्या नातलगांची पत्रे, आजीचा ध्वनिमुद्रित आवाज, गुणपत्रिका, धंद्याचे हिशेब हे सारे पूर्वी ट्रंकेत असे; आता ते इंटरनेटवरील सेवांच्या ताब्यात असते. मोठ्या कंपन्यांची यंत्रे घरच्या कपाटापेक्षा सुरक्षित असल्याने वेगळ्या प्रतीची गरज नाही, असे पुष्कळांना वाटते. परंतु यंत्र सुरक्षित असले, तरी सेवा कायम राहतेच असे नाही. भारतात अत्यंत लोकप्रिय झालेले ‘ऑर्कुट’ २०१४ मध्ये बंद झाले, ‘गूगल प्लस’ २०१९ मध्ये, तर बंगळूरला सुरू झालेले ‘कू’ २०२४ मध्ये. सेवा चालू असतानाही माणूस आपल्याच खात्याबाहेर राहू शकतो. पासवर्ड विसरतो, मोबाइल क्रमांक बदलतो आणि जुन्या क्रमांकावर येणारा ओटीपी त्याला मिळत नाही.

यावर उपाय अवघड नाही. गूगलने २०११ मध्ये ‘टेकआउट’ ही सोय सुरू केली. तिच्या साहाय्याने खात्यातील छायाचित्रे व पत्रे उतरवून घेता येतात. व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषणही फाइलच्या रूपाने बाहेर काढता येते. अशी एक प्रत पेनड्राइव्हवर व दुसरी अन्य ठिकाणी ठेवावी आणि वर्षातून एकदा ती उघडते की नाही, हे पाहावे. सायबर कॅफेत हे काम केल्यास तेथील संगणकावर आपली खाजगी माहिती मागे राहणार नाही, ही दक्षता घ्यावी.

तथापि, सारा भार ग्राहकावर टाकणे न्याय्य नव्हे. बँकेतील ठेव ठेवीदाराची असते. तो मागेल तेव्हा ती परत करणे बँकेचे कर्तव्य असते. माहितीलाही हाच न्याय लावला पाहिजे. युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू झालेल्या नियमांनी नागरिकाला आपण दिलेली माहिती वापरण्याजोग्या स्वरूपात परत मिळवण्याचा व दुसऱ्या सेवेकडे नेण्याचा हक्क दिला आहे. भारतात २०१९ च्या विधेयकात अशी तरतूद होती. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मात्र तिला स्थान मिळाले नाही. ही उणीव दूर झाली पाहिजे. सेवा बंद करण्यापूर्वी पुरेशी मुदत देणे, आणि माहिती उतरवून घेण्याच्या सूचना मराठी, कन्नड अशा लोकभाषांतून देणे, हेही कंपन्यांना बंधनकारक असावे. इंग्रजी न जाणणाऱ्या माणसाच्या आठवणींचे मोल इतरांच्या आठवणींपेक्षा कमी नसते.