कपाटाचे दार कोणत्या हाताचे?

पक्षाघातातून सावरणाऱ्या माणसाला आपण वेळच्या वेळी औषधे देतो, व्यायाम करवतो. स्वयंपाकघरातील कपाटाच्या दाराकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. उजवा हात दुबळा झाला असेल, तर मूठ डावीकडे आणि बिजागरी उजवीकडे हवी. एरवी डावा हात अंगावरून आडवा न्यावा लागतो, उघडलेले दार त्याच हाताच्या वाटेत येते, आणि मागे सरताना तोल जातो. डोंबिवलीतील आपल्या स्वयंपाकघरांत मागे सरायला जागा तरी किती असते!

डावा हात दुबळा असल्यास याच्या उलट. मात्र अशा काही रुग्णांना डावीकडचे भानच राहत नाही. उघडे राहिलेले दार कपाळाला लागते. त्यांच्यासाठी आपोआप मिटणारी बिजागरी घ्यावी.

नवे फर्निचर करत असाल, तर बाजू बदलता येणारे दार सुताराकडून मागून घ्या. बिजागरीच्या वाटीसाठी दारात बहुधा ३५ मिलिमीटर व्यासाचे भोक पाडतात. दोन्ही भोके वरच्या व खालच्या कडेपासून सारख्याच अंतरावर असली, की खालची कड वर करून तेच दार दुसऱ्या बाजूस बसते. मूठ उंचीच्या मध्यावर हवी, आणि सनमायका उलटा दिसणार नाही असा. कपाटाच्या दोन्ही बाजूंना स्क्रूच्या जागा आधीच आखून ठेवाव्यात. भिंतीलगतच्या कपाटात दार पुरते उघडते ना, तेवढे आधी पाहावे. पुष्कळशा फ्रिजच्या दारांचीही बाजू बदलता येते. कंपनीच्या माणसाला विचारावे.