गड्याचा हिशेब कागदावर असावा

पाडवा जवळ आला म्हणजे गांवोगांवीं एकच वाद ऐकूं येतो. मालक म्हणतो, 'उचल अजून फिटली नाहीं'. सालगडी म्हणतो, 'केव्हांच फिटली'. बहुधा दोघांपैकीं कोणीही लबाड नसतो. व्यवहार तोंडी असतो, इतकेंच. कारखान्यांत ह्या कामीं वेगळा कारकून असतो. दहा-वीस एकरांच्या शेतकऱ्यास तो परवडणार नाहीं. म्हणून हें काम मालकानें स्वतःच करावें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम आमचा दोष कबूल करितों. महसूल खात्यांत आम्हीं तीस वर्षें सातबाराचे उतारे लिहिले व तपासले. घरच्या गड्याचा हिशेब मात्र तोंडीच ठेविला. त्याच्या मुलीच्या लग्नाची उचल आमच्या ध्यानांत होती. तिच्यापोटीं त्यानें एका सुगीचें धान्य सोडलें होतें, तें नव्हतें. चूक पुढें जुन्या वहींत सांपडली; तोंवर आठ वर्षें घरच्यासारखा राबलेला गडी दुसऱ्याच्या शेतावर लागला होता.

उपाय सोपा आहे. दर गड्यास वहीचें एक पान द्यावें. सालाची रक्कम, धान्य, कपडे, सुट्या व आजारपणाचे दिवस पाडव्यासच त्यावर लिहावे. पुढें दर बाजाराच्या दिवशीं उचल व फेड त्याच्यासमक्ष लिहून वाचून दाखवावी, सही वा अंगठा घ्यावा, व तशीच नक्कल त्याजपाशीं द्यावी. रोजंदारीच्या स्त्रियांची मजुरी नवऱ्याच्या नांवें न मांडतां त्यांच्याच नांवें मांडावी.

कायद्याचेंही भान असावें. १९४८ च्या किमान वेतन कायद्यानें शेतमजूरही त्या कक्षेंत आला. सरकारी दराहून कमी ठरलेलें वेतन कागदावर लिहिल्यानें कायदेशीर होत नाहीं. १९७६ च्या कायद्यानें वेठबिगारी बंद झाली. उचलीसाठीं माणूस अडकवून ठेवणें हा गुन्हा आहे. उचल म्हणजे दावें नव्हे.

कोणी म्हणेल, कागद आला कीं विश्वास गेला. परंतु सोसायटीचें कर्ज आपण नोंदीवांचून फेडीत नाहीं, भावाभावांची वांटणीही कागदावर करितों. मग ज्याच्या हातीं आपले बैल व पीक सोंपवितों, त्यासच भरंवशावर कां ठेवावें? येत्या पाडव्यास शेतकरी बंधूंनीं नव्या वहीचें पहिलें पान गड्याच्या नांवें उघडावें, ही विनंती.