गणित सोडू नका!

दहावीचा निकाल लागला की आमच्या केजमध्ये एक प्रश्न हमखास कानी येतो : "सर, डॉक्टर व्हायचंय, मग गणित सोडू का?" माझे उत्तर ठरलेले असते : सोडू नका. का, ते सांगतो.

करोना विषाणूला चरबीचे वेष्टन असते आणि त्यावर प्रथिनांचे काटे असतात. काटा आपल्या पेशीवरील ग्राहक प्रथिनाला चिकटला, की विषाणूला आत वाट मिळते. काट्यातील प्रत्येक साखळी म्हणजे १,२७३ अमिनो आम्लांची माळच.

२०२१ च्या आरंभी महाराष्ट्रात साथीची दुसरी लाट आली. रुग्णांच्या नमुन्यांत या माळेतील काही मणी बदललेले आढळले. ४५२ व्या जागी ल्यूसीनऐवजी आर्जिनीन, तर काहींत ४८४ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी ग्लुटामिन. आता आपले भौतिकशास्त्र आठवा. ल्यूसीनवर विद्युतभार नसतो; आर्जिनीनवर धनभार असतो. ग्लुटामिक आम्लाचा ऋणभार ग्लुटामिनवर नसतो. समोरच्या ग्राहकाचा पृष्ठभाग मात्र बराचसा ऋणभारित! मग ओढ वाढेल की नाही?

नुसता कूलोमचा नियम येथे पुरत नाही. भोवती पाणी आहे, क्षार आहेत, हजारो अणू आहेत. म्हणून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील सारा चेरियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर या काट्याची त्रिमिती प्रतिकृती तपासली. ग्राहकाशी पकड वाढू शकेल आणि काही प्रतिपिंडांची पकड ढिली पडू शकेल, असे त्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. 'शकेल' हा शब्द ध्यानात ठेवा. संगणक देतो ते भाकीत, निकाल प्रयोगशाळेचा. ४५२ व्या जागेच्या बदलाने काही प्रतिपिंडे निष्प्रभ होतात, हे प्रयोगांतही दिसून आले.

वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत गणित नसते आणि दोन्ही विषयांचा भार पडतो, हे मला मान्य आहे. पण अकरावीत गणित व जीवशास्त्र दोन्ही घेता येतात. ज्याला झेपेल त्याला, शिक्षकहो, आपण अडवू नये. विषाणू काही विषयांच्या भिंती पाहून येत नाही. मग त्याला ओळखू पाहणाऱ्यांनी त्या का उभाराव्यात?