लाटेची वीज आणि काचेची भिंत

समुद्राच्या लाटांपासून वीज काढण्याचे स्वप्न पुन्हा एकदा महाराष्ट्राच्या किनाऱ्याला लागले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारत पेट्रोलियम या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने इको वेव्ह पॉवर या इस्रायली कंपनीबरोबर मुंबईत १०० किलोवॉट क्षमतेचा प्रायोगिक प्रकल्प उभारण्याविषयी करार केला. प्रयोग स्वागतार्ह आहे. पण त्याचे माप ध्यानात घेतले पाहिजे. देशातील ऊर्जा संवर्धन इमारत संहिता ज्या व्यापारी इमारतींसाठी आहे, त्यांची किमान मर्यादाही १०० किलोवॉट जोडभार हीच आहे. म्हणजे हा प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालला तरी संहितेच्या कक्षेतील लहानात लहान इमारतीचा भार तो जेमतेम पेलील. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या भागांत त्याच्या कितीतरी पट भार असलेल्या इमारती रांगेने उभ्या आहेत.

भारताच्या किनाऱ्यावर लाटांपासून सुमारे ४०,००० मेगावॉट वीज मिळू शकेल, असा सैद्धांतिक अंदाज सरकारी कागदपत्रांत दिला जातो. ‘सैद्धांतिक’ हा शब्द भाषणांतून मात्र गळून पडतो. लाटेतील शक्ती तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. उंची एक तृतीयांश झाली की शक्ती एक नवमांशावर येते. कोकणच्या समुद्रात जून ते सप्टेंबर या काळात लाटा तीन मीटरच्या आसपास उसळतात आणि उरलेल्या बहुतेक वर्षात एक मीटरच्याही खाली असतात. उलट महाराष्ट्रातील विजेची मागणी शिखर गाठते ती उन्हाळ्यात. ज्या पावसाळ्यात लाटा जोरात, त्याच पावसाळ्यात पवनचक्क्याही जोरात फिरतात, धरणे भरतात आणि शेतीपंप विसावतात. निसर्गाचे पंचांग आणि गरजेचे पंचांग असे एकमेकांना छेद देते.

म्हणून लाटेचा नाद सोडून द्यावा, असे मुळीच नाही. मद्रासच्या आय. आय. टी.तील अभियंत्यांनी १९९१ मध्ये केरळातील विळिंजम येथे १५० किलोवॉटचे लाट-वीजकेंद्र चालू करून दाखवले. लाटेने कोंडलेली हवा वर ढकलायची आणि त्या हवेच्या झोताने चक्र फिरवायचे, अशी त्याची साधी कल्पना होती. जगात अशी केंद्रे मोजकीच असताना आपल्या सार्वजनिक संस्थांनी हे केले. पुढे ते केंद्र बंद पडले आणि धागा तुटला. स्पेनमधील मुत्रिकू बंदरात २०११ पासून बंदराच्या लाटरोधक भिंतीतच बसवलेल्या यंत्रांतून वीज मिळू लागली. तिची क्षमताही ३०० किलोवॉटच्या आतलीच. बंदराचा बांध घालायचाच असेल तर त्यात अशी सोय करून पाहावी, हा त्यातला धडा आहे. संशोधन चालू राहिले पाहिजे, परंतु त्याच्या भरवशावर आजचा हिशेब टाळता येणार नाही.

आजचा हिशेब इमारतींचा आहे. इमारतीच्या ऊर्जावापराचे संगणकीय प्रतिमान करण्याची साधने आता अभियंत्यांच्या हाती आहेत. भिंतीची जाडी, खिडकीची दिशा, छपराचा रंग, माणसांची वर्दळ आणि गावाचे हवामान ही माहिती दिली की वर्षाच्या ८,७६० तासांपैकी प्रत्येक तासाला किती उष्णता आत येईल आणि किती वीज लागेल, हे पाया खणण्यापूर्वीच कळते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने विकसित केलेली ‘एनर्जीप्लस’ ही आज्ञावली तर फुकट मिळते. पश्चिमेकडे उघडी काच ठेवली तर एप्रिलच्या दुपारी काय होईल, तिच्यावर छज्जा काढला तर काय वाचेल, हे कागदावर तपासायला जवळजवळ काही खर्च येत नाही. इमारत उभी राहिल्यावर तीच चूक पुढील पन्नास वर्षे वातानुकूलन यंत्राच्या बिलातून फेडावी लागते.

पुण्याला तर निसर्गाने सवलत दिलेली आहे. एप्रिलमध्ये दुपारी पारा चाळिशीला टेकला तरी पहाटे हवा बरीच निवते. जाड भिंती, चौक आणि झरोके असलेले जुने वाडे या फरकाचा उपयोग करीत: भिंत दिवसभर उष्णता अडवी आणि रात्री ती सोडून देई. काचेच्या पेटीला ही विद्या नाही. तिच्या यंत्रांनी बाहेर फेकलेली उष्णता शेजारच्या गल्लीत जाते आणि तिच्यासाठी जळणाऱ्या कोळशाचा धूर चंद्रपूर-कोराडीच्या लोकांच्या छातीत जातो. पर्वतीच्या जनता वसाहतीत पत्र्याखाली राहणाऱ्या कुटुंबाच्या घराचे प्रतिमान मात्र कोणी करीत नाही. ते केले, तर छपरावर पांढरा थर देण्याचा अल्प खर्च सर्वांत आधी कोठे करावा, याचे उत्तर लगेच मिळेल.

साधन चांगले असले तरी ते कोणाच्या हाती आहे, याला महत्त्व आहे. ‘तीस टक्के बचत’ असा दावा केला जातो, तेव्हा ती बचत एका काल्पनिक इमारतीच्या तुलनेत मोजलेली असते. प्रत्यक्ष वीजबिल त्या आकड्याशी जुळते का, हे सामान्य नागरिकाला कळण्याचा मार्ग नाही. पिंपरी-चिंचवड महापालिकेने हरित मानांकन मिळवणाऱ्या इमारतींना सवलती देऊ केल्या आहेत. सवलत ही सार्वजनिक पैशातून दिली जाते. तेव्हा हिशेबही सार्वजनिक हवा.

बंद दाराआडच्या हिशेबाची किंमत महाराष्ट्राने एकदा मोजली आहे. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पात वीज घेतली नाही तरी क्षमतेचे पैसे देण्याचे बंधन राज्य वीज मंडळावर होते. त्या कराराचे विश्लेषण पुण्यातील ‘प्रयास’ने लोकांपुढे मांडले. विजेची मागणी खरोखर किती आणि कोणत्या वेळी, हा साधा प्रश्न तेव्हा आधी विचारला गेला नाही.

तो आता विचारावा. मोठ्या इमारतीला बांधकाम परवाना देताना तिचे ऊर्जा-प्रतिमान जाहीर करावे, वापर सुरू झाल्यावर दरवर्षीचे बिल त्याशेजारी मांडावे आणि तफावत फार असेल तर सवलत परत घ्यावी. महापालिकेने सुरुवात आपल्या शाळा, दवाखाने आणि पुनर्वसनाच्या इमारतींपासून करावी. समुद्रातील प्रयोगांची मोजणीही खुली असावी, आणि किनाऱ्यावर यंत्र बसवण्यापूर्वी तेथील मच्छीमारांची संमती घ्यावी. लाट जून महिन्यात येईल. पत्र्याखालच्या माणसाला सावली मार्चमध्येच लागते.